चेरोकी वारसा आणि समाजजीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेरोकी हा अमेरिकेतला एक मूलनिवासी समाज. त्याच्याबद्दल अटलांटा, टल्सा, डॅलस परिसरातली मराठी कुटुंबं आणि इथले वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, अवघड आणि अपवादाचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेरोकी लोक आज आहेत का, की हा इतिहासाचाच विषय आहे?

आहेत, आणि संख्येने मोठे आहेत. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेली तीन चेरोकी राष्ट्रं आहेत. सर्वांत मोठं चेरोकी नेशन. त्याची राजधानी ओक्लाहोमातलं टॅलेक्वा आणि नागरिक साडेचार लाखांहून जास्त. युनायटेड कीटूवा बँड हेही टॅलेक्वातच आहे. त्याचे सदस्य सुमारे १४ हजार. तिसरा ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी इंडियन्स, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत, सुमारे १६ हजार सदस्यांचा. प्रत्येकाचं स्वतःचं निवडून आलेलं सरकार आणि न्यायालय आहे. चेरोकी नेशनच्या कायदेमंडळात १७ सदस्य असतात. त्यांतले १५ मतदारसंघांतून येतात आणि दोन जण राखीव प्रदेशाबाहेर राहणाऱ्या नागरिकांचं प्रतिनिधित्व करतात.

२. एकाच समाजाची तीन सरकारं कशी झाली?

मूळ भूमी आजच्या नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात होती. १८३० मध्ये अमेरिकेने पूर्वेकडच्या मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. २९ डिसेंबर १८३५ रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा या जुन्या राजधानीत एका छोट्या गटाने भूमी सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सह्या केल्या. राष्ट्राच्या निवडून आलेल्या सरकारने तो करार कधीच मान्य केला नाही, तरी त्याच्याच आधारावर १८३८-३९ मध्ये सैन्य लावून सुमारे १६ हजार लोकांना हुसकावलं. छावण्यांत आणि वाटेत मिळून सुमारे चार हजार माणसं गेली असं मानलं जातं. 'ट्रेल ऑफ टिअर्स' तो हाच.

जे पश्चिमेला पोहोचले त्यांनी ६ सप्टेंबर १८३९ रोजी नवी राज्यघटना स्वीकारली. तेच आजचं चेरोकी नेशन. त्याआधीच स्वतःहून पश्चिमेला गेलेले 'ओल्ड सेटलर्स'. कीटूवा बँडचे बरेचसे सदस्य त्यांचे वंशज आहेत. आणि जे डोंगरांत टिकून राहिले, त्यांच्यापासून ईस्टर्न बँड झाला. ईस्टर्न बँडची जमीन, म्हणजे क्वाला बाउंडरी, सरकारने 'दिलेली' नाही. ती विकत घेतलेली आहे आणि आता विश्वस्त पद्धतीने राखलेली आहे. मूळ मातृग्राम मानलं जाणारं किटूवा हे ठिकाणही ईस्टर्न बँडने १९९६ मध्ये विकत घेऊनच परत मिळवलं.

३. बोलताना काय म्हणायचं? 'रेड इंडियन' चालतं का?

चालत नाही. चेरोकी माणसाला 'चेरोकी' म्हणा, एवढं पुरेसं आहे. सगळ्या समाजांबद्दल बोलायचं असेल तर 'नेटिव्ह अमेरिकन' किंवा 'मूलनिवासी'. संस्थांच्या नावात 'इंडियन' आहे तिथे तो शब्द तसाच ठेवा. मराठीत लिहिताना 'टोळी' टाळा, कारण न्यायालय आणि रुग्णालयं चालवणाऱ्या समाजाला तो शब्द लागू होत नाही. 'तुम्ही इंडियन, आम्हीही इंडियन' हा विनोद ते लोक आयुष्यभर ऐकत आलेले आहेत, त्याने ओळखीची सुरुवात करू नका. 'ओसियो' म्हणून नमस्कार करा, 'वाडो' म्हणून आभार माना. उच्चार थोडा चुकला तरी समोरचा माणूस आनंदाने दुरुस्त करून देतो.

४. चेरोकी नॅशनल हॉलिडे कधी असतो आणि त्यात काय बघायचं?

सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी, टॅलेक्वात. १८३९ च्या राज्यघटनेचा हा वर्धापनदिन १९५३ पासून साजरा होतो. जेमतेम १६-१७ हजार वस्तीच्या गावात त्या दिवसांत लाखाच्या आसपास माणूस येतो. कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये स्थायिक झालेली कुटुंबं वर्षातून एकदा गावी येतात ती याच वेळी. म्हणून पाहुण्यांसाठी जत्रा असलेला हा सोहळा घरच्यांसाठी कुटुंबमेळावा असतो.

शनिवारी सकाळी मुख्य रस्त्यावर मिरवणूक निघते आणि त्यानंतर प्रिन्सिपल चीफचं, म्हणजे निवडून आलेल्या राष्ट्रप्रमुखाचं, राष्ट्राला उद्देशून भाषण होतं. भाषण कंटाळवाणं असेल असं समजून बरेच पाहुणे तेव्हाच जेवायला जातात. तसं करू नका. किती घरं बांधली, कोणता दवाखाना उघडला, भाषेसाठी किती खर्च केला याचा हिशेब तिथे लोकांसमोर मांडला जातो. हे सरकार काम कसं करतं ते अर्ध्या तासात कळतं. संध्याकाळी पाववाव, म्हणजे नृत्यसोहळा (प्रश्न ६). दिवसभर स्टिकबॉल, चेरोकी मार्बल्स, फुंकनळी आणि मक्याच्या ताटांवरची तिरंदाजी अशा स्पर्धा, शिवाय कलाप्रदर्शन (खेळांसाठी प्रश्न ९ पाहा).

व्यवहाराचं सांगायचं तर राहायची सोय काही महिने आधीच करा. गावातली हॉटेलं भरली की मस्कोगी किंवा टल्सात राहावं लागतं. ऊन ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि बरेच कार्यक्रम उघड्यावर असतात, म्हणून टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची सोबत ठेवा. मिरवणुकीच्या दिवशी मुख्य रस्ता बंद असतो, तेव्हा गाडी लांब लावून चालत या.

५. त्या दिवसांत जमणार नाही. एरवी कुठे जावं?

टॅलेक्वा टल्साहून सव्वा तासावर, डॅलसहून साधारण साडेचार तासांवर आहे. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीबरोबर चेरोकी लिपीतही आहेत. तिथल्या जुन्या कॅपिटॉल, म्हणजे सरकारच्या मुख्य इमारतीत राष्ट्राच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि जवळच १८४४ ची सर्वोच्च न्यायालयाची इमारत आहे. लिपीचा जनक सिक्वोया याची लाकडी खोली सॅलिसॉ गावाजवळ जपून ठेवली आहे.

अटलांटाकरांना दोन पर्याय आहेत. न्यू एकोटा हे जुन्या राजधानीचं ठिकाण आंतरराज्य महामार्ग ७५ वर, कॅल्हून गावाजवळ आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. दुसरा पर्याय नॉर्थ कॅरोलिनातलं चेरोकी गाव, सुमारे तीन तासांचं अंतर. ग्रेट स्मोकी माउंटन्स बघायला गॅटलिनबर्गला जाणारी असंख्य मराठी कुटुंबं डोंगराच्या त्या बाजूनेच परत फिरतात. न्यूफाउंड गॅप ओलांडून पलीकडे उतरलं की म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल लागतं, ते चुकवू नका. वाटेवरच्या सर्वांत उंच शिखराला २०२४ मध्ये त्याचं चेरोकी नाव अधिकृतपणे परत मिळालं: कुवोही. जुन्या नकाशांत ते क्लिंगमन्स डोम म्हणून दिसेल.

६. पाववाव आणि स्टॉम्प डान्स एकच ना?

नाही. पाववाव हा अनेक समाजांचा मिळून होणारा सोहळा. त्याची घडण मुख्यतः मैदानी प्रदेशातल्या राष्ट्रांची आहे. मोठा ढोल, पिसांचे भरजरी पोशाख आणि बक्षिसांच्या स्पर्धा असतात. चेरोकी लोक त्यात हौसेने भाग घेतात, पण त्यांची स्वतःची जुनी परंपरा म्हणजे स्टॉम्प डान्स.

पाववावला सगळ्यांना मुक्त प्रवेश असतो. प्रवेशाच्या संचलनाला आणि ध्वजगीताला उभं राहायचं, निवेदक सांगेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा. रिंगणाभोवतीच्या खुर्च्यांवर घोंगडी टाकलेली असेल तर ती जागा नर्तकांची आहे. पोशाखाला हात लावायचा नाही आणि त्याला 'कॉस्च्युम' म्हणायचं नाही. गरुडाचं पीस खाली पडलेलं दिसलं तर उचलू नका, जवळच्या कार्यकर्त्याला सांगा. निवेदकाने 'इंटरट्रायबल' पुकारलं की साध्या कपड्यांतही रिंगणात उतरता येतं.

७. मग स्टॉम्प डान्स बघता येतो का? काय पाळायचं?

हॉलिडेच्या कार्यक्रमात त्याचं जाहीर सादरीकरण असतं, तिथे कुणीही जावं. पण खरा स्टॉम्प डान्स होतो तो राखलेल्या जागी, सेरेमोनियल ग्राउंडवर. त्याला उपासना समजा. तिथे ओळखीच्या माणसाने बोलावलं तरच जायचं.

मध्ये अग्नी असतो आणि भोवती सात कुळांचे सात मांडव. अंधार पडल्यावर सुरू होऊन नाच पहाटेपर्यंत चालतो. पुढारी एक ओळ म्हणतो, मागचे पुरुष तिला प्रतिसाद देतात. पुढाऱ्याच्या लगोलग मागे एक स्त्री असते, तिच्या दोन्ही पोटऱ्यांना कासवांची कवचं बांधलेली असतात आणि त्यांत बारीक खडे असतात. गाण्याचा ठेका तिच्या पावलांतून येतो. ती थांबली तर गाणं थांबतं. काही जणी कवचांऐवजी आटीव दुधाचे रिकामे डबे भोकं पाडून वापरतात. ते हलके पडतात आणि त्यांचा आवाज अधिक धारदार असतो. स्त्री-पुरुष एकाआड एक अशी ओळ अग्नीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते.

पाहुण्याने पाळायचं ते असं. दारू अजिबात नाही, आदल्या तासांत घेतलेलीसुद्धा नाही. फोटो, चित्रण, ध्वनिमुद्रण नाही. मोबाइल गाडीतच राहू द्या. स्त्रियांनी लांब स्कर्ट घालावा. मांडवात बसू नका, स्वतःची खुर्ची घेऊन मागे बसा. अग्नी आणि नाचणारे यांच्या मधून जाऊ नका. सामील व्हायला सांगितलं तर ओळीच्या शेवटी उभं राहा; पुढच्या जागा जाणत्यांच्या. जेवण वाढलं तर नाही म्हणू नका. आपल्याकडे प्रदक्षिणा उजव्या हाताला ठेवून घालतात, त्या सवयीने पाय उलट दिशेला वळतात, तेव्हा आधी एक फेरी नीट बघून घ्या.

८. सात कुळं म्हणजे आपल्या गोत्रांसारखी का?

एका बाबतीत तशी आहेत: कुळातल्या कुळात लग्न होत नाही. बाकी उलटं. कूळ आईकडून येतं. वडील चेरोकी आणि आई बाहेरची असेल, तर मूल चेरोकी नागरिक असू शकतं पण परंपरेने त्याला कूळ नसतं. जुन्या व्यवस्थेत घर आणि शेत स्त्रीच्या कुळाचं असे आणि मुलाला वळण लावण्याचं काम वडिलांपेक्षा मामाकडे जास्त असे. लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, निळं आणि रानबटाटा अशी ती सात कुळं. चेरोकी नेशनच्या मुद्रेवर सात टोकांचा तारा आहे, त्यातही हाच आकडा दिसतो.

९. खेळांचे नियम थोडक्यात सांगाल का?

सामाजिक स्टिकबॉलमध्ये मैदानाच्या मध्ये उंच खांब असतो, टोकावर लाकडी मासा. पुरुषांच्या दोन्ही हातांत हिकरी या अक्रोडाच्या कुळातल्या झाडाच्या लाकडाच्या, टोकाला जाळीदार कप असलेल्या दोन काठ्या असतात आणि त्यांना चेंडूला हात लावायला बंदी असते. स्त्रिया हातानेच खेळतात. खांबाला खुणेच्या वर चेंडू लागला की गुण, माशाला लागला तर जास्त गुण. पुरुष विरुद्ध स्त्रिया असा सामना रंगतो आणि स्त्रिया वरचेवर जिंकतात. ईस्टर्न बँडमध्ये गावागावांत होणारा पुरुषांचा सामना मात्र वेगळा. तो १२ गुणांपर्यंत चालतो, अंगावर संरक्षक काही नसतं, आणि हाडं मोडतात. ऑक्टोबरमधल्या चेरोकी इंडियन फेअरमध्ये तो बघायला मिळतो. तिथे कडेला उभं राहताना सावध असा, कारण मैदानाला कुंपण नसतं आणि खेळाडू प्रेक्षकांत घुसतात.

मार्बल्स म्हणजे आपल्या गोट्या नव्हेत. गोळा बिलियर्डच्या चेंडूएवढा असतो, पूर्वी दगड घासून करत. सुमारे दोन इंच रुंदीची पाच भोकं एकमेकांपासून १० ते १२ यार्डांवर, काटकोनात वळणाऱ्या रेषेत असतात. क्रमाने पाचव्या भोकापर्यंत जाऊन परत यायचं आणि वाटेत प्रतिस्पर्ध्याचा गोळा लांब उडवायचा. नवखे नेम धरण्यावर सगळा जोर देतात, पण खरा डाव दुसऱ्या संघाला भोकाजवळ येऊ न देण्यात असतो.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. चेरोकी जेवणात आमच्यासाठी काय आहे?

मका, घेवडा, भोपळा हा पाया असल्याने बरंच काही आहे. अडचण चरबीची. शिजवताना डुकराची चरबी सर्रास वापरतात, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. वसंतात रानकांदा आणि अंड्यांच्या सामूहिक पंगती होतात, त्यातही बेकनचं तूप असतं. हॉग फ्राय तर नावाप्रमाणेच डुकराच्या मांसाचा. द्राक्षाच्या रसात शिजवलेले मैद्याचे गोळे, म्हणजे ग्रेप डंपलिंग, बहुतेक वेळा चालतात.

बीन ब्रेड घरी करता येतो. पिंटो घेवडा मऊ शिजवा, शिजवलेलं पाणी फेकू नका. मक्याच्या पिठात ते उकळतं पाणी दाण्यांसकट थोडं थोडं घालून घट्ट गोळा करा. चपट्या वड्या मक्याच्या पानात गुंडाळून बांधा आणि उकळत्या पाण्यात साधारण तासभर शिजवा. पिठात मीठ घालायचं नाही. जुन्या सुगरणी सांगतात की मिठाने वडी फुटते; मीठ खाताना ताटात वरून घ्या. गार पाण्याने पीठ भिजवलं तरीही वडी सुटते, कारण मक्याच्या पिठाला चिकटपणा येतो तो उकळत्या पाण्यानेच.

आणि कनुची. हा पदार्थ शुद्ध शाकाहारी आहे आणि चेरोकी घरात त्याला सणाचा मान आहे. शरदात हिकरीची फळं गोळा करून काही आठवडे वाळवतात. फोडून मोठी टरफलं चाळून काढतात. उरलेलं, बारीक टरफलांसकट, पोकळ केलेल्या ओंडक्याच्या उखळात लांब मुसळाने कुटतात, अगदी तेल सुटून लगदा एकजीव होईपर्यंत. त्याचे मुठीएवढे लाडू वळतात. लाडू भुगा होऊन सुटत असेल तर कुटणं कमी पडलंय. खवट वास आला तर फळं जुनी होती. त्यावर उपाय नाही, टाकून द्या. लाडू बाहेर ठेवले तर बुरशी धरते, फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने टिकतात. खायच्या वेळी एक लाडू सुमारे लिटरभर पाण्यात घालून मंद उकळत विरघळवा, मग दुहेरी मलमलीच्या फडक्यातून गाळा. इथे घाई केली तर दाताखाली टरफल येतं. दाट दुधासारखा जो रस मिळतो, त्यात शिजवलेला होमिनी (क्षाराच्या पाण्यात साल काढलेला) मका किंवा भात तेवढाच घालायचा. ओक्लाहोमात साखर घालणारे आणि मीठ घालणारे असे दोन पक्ष आहेत. हिकरी भारतात मिळत नाही, तिची चव पिकॅनच्या सर्वांत जवळ जाते. पिकॅन मऊ असल्याने मिक्सरमध्ये होतो, पण मूळ धुरकट गोडवा त्यात येत नाही.

११. चेरोकी लिपी देवनागरीसारखी आहे असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. सिक्वोया हा चांदीकाम करणारा कारागीर, इंग्रजी वाचता न येणारा. वर्षानुवर्षं खपून त्याने १८२१ च्या सुमारास ही लिपी पुरी केली आणि सर्वांत आधी आपली मुलगी अयोका हिला शिकवली. १८२५ मध्ये राष्ट्राने ती स्वीकारली आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटा इथून 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत निघालं.

एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, हे साम्य. मूळ ८६ चिन्हं होती, आज ८५ शिकवतात. पण आपल्या बाराखडीत ग, गि, गु यांत 'ग' ओळखू येतो, तसं इथे नाही. तिन्हींची चिन्हं पूर्ण वेगळी, म्हणून तक्ता पाठच करावा लागतो. आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर आणि सहावा नाकातून येणारा 'अं'. सुटं व्यंजन एकच आहे, आपल्या पाय मोडलेल्या 'स्' सारखं. प, फ, ब, भ नाहीतच.

मराठी वाचक अडखळतो ती जागा वेगळी आहे. आपल्याला लिहिल्यासारखं वाचायची सवय. इथे 'गा' आणि 'का' यांना वेगळी चिन्हं आहेत, पण 'गो' आणि 'को' यांना एकच. स्वर लांब की आखूड, सूर चढा की उतरता, हेही लिहिलं जात नाही, आणि त्याने अर्थ बदलतो. म्हणून ऐकल्याशिवाय नुसत्या तक्त्यावरून ही भाषा येत नाही. दुसरा सापळा इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा: डीसारखं दिसतं ते 'आ', आरसारखं 'ए', टीसारखं 'इ', डब्ल्यूसारखं 'ला', एचसारखं 'मी'.

१२. भाषा शिकता येईल का? फोनवर लिहिता येईल का?

दोन्ही येईल. चेरोकी नेशन ऑनलाइन वर्ग विनामूल्य घेतं. आयफोनमध्ये २०१० पासून चेरोकी कळफलक आहे. सेटिंगमध्ये जाऊन नवा कळफलक जोडला की झालं. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट जुना आहे. लहान लिपीची अक्षरं युनिकोडमध्ये २०१५ मध्ये आली, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ती नाहीत. आणि 'आ' साठी इंग्रजी डी टाइप करू नका. दिसायला सारखं दिसतं, पण शोध घेताना तो शब्द सापडत नाही.

व्याकरणातली एक गोष्ट मराठी माणसाला आयती मिळते. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद चेरोकीत काटेकोर आहे. इंग्रजी भाषिकाला तो समजावायला वेळ लागतो, तुम्हाला लागणार नाही. त्यापुढे संस्कृतसारखं द्विवचनही आहे. खरी कसरत क्रियापदांत. 'दे' म्हणताना वस्तू सजीव आहे, लवचीक आहे, लांब-ताठ आहे, द्रव आहे की यांपैकी काही नाही, यानुसार क्रियापद बदलतं. पाणी, काठी, कापड आणि मांजर मागायला चार वेगळी रूपं लागतात.

परिस्थिती गंभीर आहे. जून २०१९ मध्ये तिन्ही राष्ट्रांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा अस्खलित बोलणारे सुमारे दोन हजार उरल्याचा अंदाज होता आणि त्यांतले बहुतेक वयस्कर. टॅलेक्वातल्या शाळेत लहान मुलं सगळे विषय चेरोकीतून शिकतात. मोठ्यांसाठी दोन वर्षांचा वर्ग आहे: आठवड्याला ४० तास, फक्त चेरोकी, आणि शिकणाऱ्याला मानधन. मानधन नसतं तर पोटापाण्याची नोकरी सोडून कुणी येऊ शकलं नसतं, म्हणून ही तरतूद आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते.

१३. 'गडूगी' हा शब्द सारखा दिसतो. काय आहे ते?

मिळून काम करण्याची पद्धत. आपल्याकडच्या इर्जिकीशी तिचं जवळचं नातं आहे: आज तुझं शेत, उद्या माझं. गडूगीत शेतीबरोबर म्हाताऱ्यांची लाकडं फोडणं, खड्डा खणण्यापासून अंत्यविधीची सगळी तयारी हेही येतं. सर्वांत ठळक उदाहरण ओक्लाहोमातल्या बेल या गावाचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अनेक घरांत नळ नव्हता. विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप यांनी गावकऱ्यांना हाताशी धरलं, आणि सुमारे १६ मैलांची जलवाहिनी गावाने स्वतःच्या श्रमांनी टाकली. पुढे १९८५ ते १९९५ मॅनकिलर चेरोकी नेशनच्या प्रिन्सिपल चीफ होत्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री.

१४. ट्रेल ऑफ टिअर्सचं स्मरण कसं करतात? बाहेरच्यांना सामील होता येतं का?

'रिमेंबर द रिमूव्हल' या सायकलफेरीत तरुण चेरोकी नागरिक न्यू एकोटापासून टॅलेक्वापर्यंत सुमारे ९५० मैल, साधारण तीन आठवड्यांत पार करतात. पहिली फेरी १९८४ मध्ये निघाली, २००९ पासून ती नेमाने निघते आणि २०११ पासून ईस्टर्न बँडचे स्वारही असतात. आधी काही महिने सराव, इतिहासाचे वर्ग आणि प्रत्येकाची वंशावळ तयार करणं. फेरी नागरिकांपुरतीच आहे, पण वाटेवरच्या गावांत स्वागताला उभं राहायला कुणाचीही आडकाठी नाही. फोटो काढण्याआधी विचारा.

१५. टोपली घ्यायची आहे. अस्सल कशी ओळखायची?

विणणाऱ्याचं नाव आणि त्याचं राष्ट्र विचारा. १९९० च्या कायद्यानुसार मूलनिवासी नसलेल्याने केलेली वस्तू 'इंडियन' म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरा विक्रेता म्हणूनच नाव लिहून देतो. 'इंडियन स्टाइल' एवढंच लिहिलेलं असेल तर ती वस्तू अस्सल नाही असं धरून चाला. नॉर्थ कॅरोलिनात संग्रहालयाजवळची क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल ही १९४६ पासूनची कारागिरांची सहकारी संस्था खात्रीची.

टोपली विणायला पूर्वेकडे नदीकाठचा वेत (रिव्हर केन, खरं तर बांबूच्या जातीचा) आणि पांढरा ओक, ओक्लाहोमात हनीसकलची वेल आणि बकब्रश हे झुडूप. वेत उभा चिरून, साल सोलून, आतला गर चाकूने खरवडून पट्ट्या करतात. कोवळा वेत घेतला तर वाळल्यावर आक्रसतो आणि वीण सैल पडते. तपकिरी रंग अक्रोडाच्या मुळ्यासालींचा, केशरी ब्लडरूटचा, काळा बटरनटचा. दुहेरी विणीची टोपली आतल्या तळापासून सुरू होते, काठापर्यंत वर येते, तिथेच वळून बाहेरून खाली उतरते. जोड कुठेच नसतो. काठावर बोट फिरवून बघा: आतली आणि बाहेरची वीण सलग असायला हवी. हजारो डॉलर किंमत ऐकून दचकू नका आणि घासाघीस करू नका, कारण वेत शोधण्यापासून धरलं तर त्यात कित्येक आठवडे गेलेले असतात.

१६. शाळेत मुलीला 'चेरोकी' वेशभूषा करायची आहे. कशी करू?

करू नका, असंच सांगू. पिसांचा मुकुट तर चेरोकींचा नव्हेच. तो मैदानी राष्ट्रांचा, आणि कमावलेला मान असतो. चेरोकी स्त्रियांचा अधिकृत पोशाख १९६९ पासून 'टेअर ड्रेस' आहे: सुती, पाऊण बाह्यांचा, घोट्याच्या वर संपणारा, त्यावर कापडी पट्ट्यांची नक्षी. पुरुष रिबन शर्ट घालतात. मुलीला विषय सादर करायचा असेल, तर लिपीचा तक्ता काढून स्वतःचं नाव त्यात लिहू द्या. प आणि ब नसल्याने काही नावांची गंमतशीर अडचण होते, आणि त्यातून ती भाषेचे ध्वनी शिकते.

१७. नवरा म्हणतो त्याची पणजी चेरोकी होती. नागरिकत्व मिळेल का? डीएनए चाचणी करावी का?

चाचणीचा उपयोग नाही. वंश सांगणारी डीएनए चाचणी तिन्हींपैकी एकही राष्ट्र ग्राह्य धरत नाही. लागते ती कागदोपत्री साखळी. चेरोकी नेशनसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या डॉस नोंदवहीच्या अंतिम यादीत थेट पूर्वज असावा लागतो. रक्ताच्या प्रमाणाची अट नाही. ईस्टर्न बँडसाठी १९२४ ची बेकर यादी आणि किमान एक-षोडशांश रक्त. कीटूवा बँडसाठी १९४९ ची यादी आणि एक-चतुर्थांश.

साखळी तुटते ती ठरलेल्या जागी. नाव सापडतं, पण ते अर्ज फेटाळलेल्यांच्या कागदांत असतं. ते धरलं जात नाही. किंवा नुसतं नाव जुळतं, वय आणि कुटुंब जुळत नाही. प्रत्येक पिढीचा राज्याने दिलेला पूर्ण जन्मदाखला लागतो. आणि 'चेरोकी राजकन्या' ही कथा तर हमखास खोटी, कारण तिथे राजघराणं नव्हतंच.

१८. माझं लग्न चेरोकी नागरिकाशी झालंय. मला आणि मुलांना काय लागू होतं? दत्तक मूल असेल तर?

लग्नाने नागरिकत्व मिळत नाही. चेरोकी नेशनमध्ये तुमच्या मुलांना त्यांच्या चेरोकी पालकाकडून मिळतं, तुमचा वंश आड येत नाही. ईस्टर्न आणि कीटूवा बँडमध्ये मात्र प्रमाणाची अट असल्याने पुढची पिढी बाहेर पडू शकते (प्रश्न १७). दत्तक मुलाला जन्मदात्या पालकाची साखळी दाखवावी लागते. कुळाचा प्रश्न यापासून पूर्ण वेगळा, तो आठव्या उत्तरात आहे.

१९. कृष्णवर्णीय चेरोकी नागरिक कसे?

काही श्रीमंत चेरोकी कुटुंबांकडे गुलाम होते आणि ते गुलाम त्यांच्याबरोबर पश्चिमेला नेले गेले. १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकांचे हक्क मिळाले. पुढे ते नाकारण्याचे प्रयत्न झाले. २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने हक्क मान्य केले, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले 'रक्ताने' हे शब्द काढून टाकायला लावले. त्यांना 'फ्रीडमेन वंशज' म्हणतात आणि ते बरोबरीचे नागरिक आहेत. वारसा साजरा करताना हे पान गाळून चालत नाही.

२०. इंटरनेटवर 'चेरोकी गुरू' पैसे घेऊन दीक्षा देतात. जावं का?

जाऊ नका. विधी आणि औषधी ज्ञान तिथे ओळखीच्या माणसांत, विश्वासावर दिलं जातं, त्याचं दरपत्रक नसतं. स्वतःला चेरोकी राष्ट्र म्हणवणारे बरेच गट आहेत, त्यांतल्या काहींना राज्यांची मान्यताही आहे. पण तिन्ही राष्ट्रं त्यांना चेरोकी मानत नाहीत. शंका आली तर एकच विचारा: तुम्ही तिन्हींपैकी कुठले नागरिक?

२१. चेरोकी बियाणं मिळेल का? भारतात लावता येईल का?

चेरोकी नेशनची वारसा-बियाण्यांची पेढी फक्त नागरिकांना, दरवर्षी ठरावीक वाणांचं बियाणं विनामूल्य देते. २०२० मध्ये तिथले मका, घेवडा, भोपळ्याचे वाण स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात ठेवले गेले. अमेरिकेतल्या मूलनिवासी राष्ट्रांत हा मान पहिला. बाहेरच्यांना 'चेरोकी ट्रेल ऑफ टिअर्स' हा काळा चकचकीत वेलघेवडा अमेरिकेतल्या बियाणे विक्रेत्यांकडे मिळतो. त्याला सहा-आठ फूट उंच आधार द्या. शेंगा पिकताना जांभळ्या होतात. वेलावरच वाळू दिल्या तरच पुढच्या वर्षीचं बी मिळतं. घेवडा बहुतांशी स्वतःच फळ धरतो, त्यामुळे वाण टिकवणं सोपं. मक्याचं तसं नाही. शेजारी दुसरा मका फुलावर असेल तर परागांनी संकर होतो, म्हणून दोन पेरण्यांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. भारतात येताना बॅगेत बी टाकून आणू नका. वनस्पती संगरोध नियमांनुसार त्याला आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नाहीतर विमानतळावर जप्त होतं.